नावाच्या रकान्यात सिंधुताई

हिरालाल कापगते हिंदी मुलखातल्या खुर्सीपारात एकटेच राहतात. माणूस साकोलीकडचा, बत्तीस वर्षं तिथल्या स्टील प्लान्टच्या स्टोअरात काढली. बायको सुशीला गेली, पोरगा हैदराबादेत. रिटायर झाल्यावर त्यायनं मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत लोकांनी गावाकडून आणलेल्या वस्तू जमवल्या. पाण्याचे पितळी गुंड, धान्य मोजायच्या पायल्या, जातं, पेरणीची तिफण, असे एकशे चाळीस नग. दारावर पाटी ठोकली, 'संग्रहालय'. आधी लोक यायचे. मंग एकेक जण नागपूर-भंडाऱ्याकडे वापस गेला. मागच्या दिवाळीपासून खोलीत कोणी पाऊल टाकलं नाही.

म्हणून नागपूरच्या अनुजाचा फोन आला तेव्हा ते हरखलेच. चाळीस लहान संग्रहालयांची एक सामाईक यादी ती करून राहिली होती, मोबाइलवर दिसणारी. सगळ्यायनं सारखेच रकाने भरायचे, म्हणजे कुठूनही शोधलं तरी सगळ्यांच्या वस्तू सापडतील. हिरालालनं चार महिने फोटो काढले, रकाने भरले. सोमवारी यादी खुली होणार, अन् शुक्रवारी अनुजा म्हणते,

"काका, 'गुंड' शोधलं तर तुमच्याकडचं काहीच येत नाही. संग्रहालय रिकामं दिसतंय."

"कावून? सात गुंड टाकले मी!"

"वस्तूच्या नावात तुम्ही 'सिंधुताई' लिहिलंय. खाली 'मारोतराव'."

"मंग? ते सिंधुताईचंच हाय ना!"

आता यात त्यायचं काय चुकलं? आमच्यात लग्नाले भांडी घरोघरून मागून आणतात. वापस देताना घोटाळा नको, म्हणून भांड्याले मालकाच्याच नावानं हाक. 'सिंधुताई चुलीवर ठेव, मारोतराव घासून आण,' असं मांडवात चालते.

अनुजा हसली. "बाहेरच्यांना सिंधुताई कुठून माहीत, काका? नाव 'गुंड' लिहा. सिंधुताई 'कोणाकडून' या रकान्यात. पण घरच्यांची परवानगी घ्या, नाहीतर तो रकाना कोरा ठेवा."

हिरालाल फोन घेऊन बसले. सिंधुताई वारलेली. तिची पोरगी वंदना जवळच्या दुर्ग शहरात.

"अंकल, वो पुराना बर्तन? अभी तक रखे हैं?"

"हाय ना. तुह्या मायचं नाव लावू का?"

"लगा दीजिए. कुकर चढ़ा है, रखती हूँ."

मारोतरावचा नंबर बंद. बहुतेकांचे बंदच. दोन दिवसांत चोवीस नावं जमली, बाकी रकाने कोरे. सुशीलाच्या पायलीची परवानगी त्यायनं स्वतःच दिली. फॉर्मनं नातं विचारलं, त्यायनं 'नवरा' लिहिलं.

आठवड्यानं अनुजाचा फोन आला. "काका, अकरा जणांनी तुमच्या वस्तू पाहिल्या!"

"कोण कोण?"

"ते नाही कळत. नुसता आकडा येतो."

हिरालालनं खिशातून खोलीची किल्ली काढली.

"खोली कधी उघडते, त्याचा रकाना हाय का?"

"आहे ना."

"मंग लिही. दहा ते पाच. मी असतो."