तीन बाजारांचे विषय

आमच्या साडूंइतक्या आत्मविश्वासानं चुकणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असंही वाटत नाही. राळेगावच्या जिनिंगमध्ये ते कापसाची पारख करायचे. बोटांनी धागा ओढून भाव सांगत, आणि तो बरोबर निघे. दुर्दैव असं, की त्या बोटांवरचा विश्वास त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींवर पसरला. ताप आलेल्या माणसाचा दंड दाबून ते औषध सांगत. स्थळ पाहायला गेले की मुलाच्या सदऱ्याचं कापड चोळून त्याची मिळकत ठरवत. असाच बागायतदार ठरवलेला एक मुलगा शिंप्याच्या दुकानात नोकर निघाला. साडू म्हणाले, "कापड तं चांगलं होतं ना?"

मॅट्रिकचा निकाल लागला की त्यांना खरा ऊत येई. स्वतः चौथी पास, पण नात्यातल्या प्रत्येक मुलानं यवतमाळच्या कॉलेजात कोणते विषय घ्यायचे हे तेच ठरवत. माझ्या लेकीला, कुसुमला, डॉक्टर व्हायचं होतं. सुरुवातीचं शिक्षण आमच्या गावच्या, म्हणजे यवतमाळच्याच कॉलेजात करायचं आणि मग नागपूरच्या मेडिकलला अर्ज करायचा, एवढा सरळ रस्ता. मी तेव्हा नोकरीनिमित्त मुकुटबनला होतो, म्हणून प्रवेशाला तिच्याबरोबर साडू गेले. जिनिंगमध्ये चांगल्या कापसात हलका मिसळून गठाण बांधली की ती कुठंही खपते. त्याच न्यायानं त्यांनी विषय मिसळले: मेडिकलसाठी बायॉलॉजी, इंजिनिअरिंगसाठी गणित आणि मास्तरकीसाठी भूगोल. "एक गिऱ्हाईक फिरलं तं दोन बाकी राह्यते, माय," असं वर तिला समजावलं.

दिवाळीला घरी आलो तेव्हा मला हे कळलं. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी लागतात. म्हणजे तीनपैकी एक जमेस आणि दोन बाद. विषय बदलायची मुदत केव्हाच संपली होती.

"साडूभाऊ, नागपूरला कोणाला विचारायचं तरी!"

"कायले विचारू? माल आपला, भाव आपुन सांगाचा."

आतून कुसुम म्हणाली, "मावसाजी, मी काही गठाण नाही."

साडू उठले आणि ठेवलेला चहा न घेता गेले.

पोरीचं वर्ष गेलं ते गेलंच. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, विषय स्वतः निवडले, आणि पुढं तिला नागपूरला प्रवेश मिळाला. ती निघाली त्या दिवशी साडू पहिल्या एसटीनं राळेगावहून आले. नागपूरच्या गाडीत शिरून खिडकीजवळची जागा दुपट्टा टाकून धरली, ट्रंक टपावर चढवली, आणि मग बाजूला उभे राहिले. कुसुम पाया पडली. गाडी सुटली, धुरळा बसला, तरी ते हलेनात.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "पोरीनं मले काहीच नाही विचारलं."

नेमकं हेच व्हावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. आणि आता ते झालं, तर माणसाच्या तोंडाकडे बघवेना.