ब्रह्मदेशात चालणारी दहाची नोट

जुन्या नोटा पारखून त्यांचं मोल सांगणं हा माझा धंदा. त्यासाठी सांगलीहून एसटीने निघालो, ती कराडजवळच्या मलकापूरला पंक्चर झाली. कंडक्टरने विचारलं, "मेढ्याला कशापायी?"

"एक जुनी नोट बघायला."

"आमाला नवी दिसंना झालीया, अन् तुमी जुनी बघाय निघालाय!"

साताऱ्याला गाडी बदलली. मेढ्याच्या रस्त्याला ऊस मागे पडतो आणि डोंगर जवळ येतात. गावात दिनकररावांनी मला बोलावलं होतं. त्यांचे वडील, आबा, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात वारले. घरी त्यांची ट्रंक आली, तिच्यात ही नोट. थोरली बहीण आक्का तेव्हा रांगत होती, दिनकरराव पोटात होते.

आधी भाकरी आणि घेवड्याचं कोरड्यास (पातळ आमटी) झालं. दोन्ही झकास.

नोट देवघरात काचेच्या चौकटीत होती. काचेवर, नोटेवरच्या इंग्रज राजाच्या चेहऱ्याच्या जागी, कुंकवाचा जाड थर.

"आबांचा फोटू न्हाई," आक्का म्हणाल्या. "मग दर लक्ष्मीपूजनाला ह्यालाच कुक्कू लावती."

दिनकररावांनी चौकट उघडली. नोट मी उजेडासमोर धरली. कोऱ्या जागेत राजाचं डोकं उमटलं, म्हणजे अस्सल. दोन बारीक भोकं होती, पण तेव्हा गड्ड्या टाचतच असत. वर लाल छाप, फक्त ब्रह्मदेशात चालेल असा. म्हणूनच इथल्या वाण्याने ती घेतली नाही आणि ती कोरी राहिली. अशी नोट मी क्वचितच पाहिली होती.

"हिच्या पैशात हिरीवर मोटर बसंल का?" दिनकरराव म्हणाले.

"बसेल."

त्यांचा चेहरा खुलला. आक्का मात्र नोटेकडेच बघत होत्या.

"आवं सायेब, डाग पडला तर?"

"मग कोणी विचारणार नाही."

त्यांनी करंडा ओढला, बोट बुडवलं आणि राजाच्या कपाळावर टेकवलं.

"आक्का!" दिनकरराव ओरडले. "हे काय केलंस?"

"इतकी वरसं काचंलाच लागत हुतं रं दिनू," त्या म्हणाल्या. "आज आबांना लागलं."

 दिनकररावांनी खिळे गोळा केले आणि चौकट परत बसवायला घेतली.

सांगलीत ही नोट घ्यायला एक गिऱ्हाईक वाट बघत होतं. नोट बाद झाली, असं मी सांगितलं. धंद्याच्या हिशेबाने मला हळहळ वाटायला हवी होती. वाटली नाही, उलट फार बरं वाटलं.