रफीकची अट

रफीक मुलाणी गेल्याचा फोन बारामतीला माझ्या कॉम्प्युटर क्लासवर आला, तेव्हा मी आमच्याच प्रोग्रॅमची फ्लॉपी कॉपी करत बसलो होतो... 'आमच्याच' हे आज म्हणतोय. दोन वर्षं मी 'माझा' म्हणत होतो. त्याच्या गावी, इंदापूरला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं.

मराठी पत्रं टाइप करून छापायचा तो प्रोग्रॅम आम्ही दोघांनी केला. छपाईचा भाग रफीकनं एका परदेशी फ्लॉपीतून घेतला होता. त्या फ्लॉपीची अट अशी, की फुकट वापरा, पण पुढे देताना कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, उघडं द्या आणि लिहिणाऱ्यांची नावं पुसू नका. अक्षरांचा भाग मी पुण्याच्या मित्राकडून आणलेला. त्याची अट, कोड कुणाला दाखवायचं नाही. एक पाळावी तर दुसरी मोडते. आमच्याकडे फ्लॉपी म्हणजे विरजण, शेजाऱ्यानं मागितलं की द्यायचं. अटी वाचतो कोण? रफीक वाचायचा.

"अक्षरं आपुन नव्यानं लिहू," तो म्हणाला. "सहा महिनं लागतील."

"माळेगावला एका ऑफिसात पुढच्या आठवड्यात दाखवायचंय. फुकटातल्या कोडाला कसला आलाय मालक?"

"फुकट दिलं म्हंजी बेवारस न्हाय, संजूभाऊ."

मी कोड बंद करून टाकलं आणि वरची सगळी नावं काढून फक्त माझं ठेवलं. घाई हे निमित्त होतं. मला एकट्याचं नाव हवं होतं. रफीक भांडला नाही. "निदान नाव तरी ठिवायचं व्हतं," एवढंच म्हणाला आणि पुन्हा बारामतीला आला नाही. जाऊ, बोलू, असं म्हणता म्हणता त्याला कावीळ झाली आणि महिन्याभरात सगळं संपलं. प्रोग्रॅम तोवर गावोगावच्या क्लासांत पोचला होता. आता कुणाकुणाच्या फ्लॉपीत जाऊन त्याचं नाव लिहू?

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला पुन्हा इंदापूरला गेलो. त्याच्या खोलीत कॉम्प्युटरवर धुतलेली चादर घातलेली होती. त्याच्या आई, अम्मी, म्हणाल्या, "चालू करून बगता का? त्याचं काय हाय का ह्यात?"

अक्षरांचा भाग त्यानं खरंच नव्यानं लिहायला घेतला होता... निम्म्यावर राहिला होता. वर दोन नावं होती. मी वाचून दाखवली. आधी माझं, मग त्याचं.

अम्मींनी डोळ्यांना पदर लावला. "तुमचं ते लई गावांत गेलंय म्हणत्यात. बरं झालं. तुमी त्यात त्याचं नाव ठिवलं."

"व्हय," मी म्हणालो.