तिसऱ्या सिलिंडरमागचा तडा

आमच्या कारखान्याने मला सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कारखान्याची होती. नवीन यंत्रं आली होती आणि माप तपासायला माणूस लागत नव्हता. बायको शाळेत शिक्षिका, ती सकाळी सातला बाहेर पडायची. घरी मी एकटा.

कर्वेनगरच्या आमच्या इमारतीखाली सासऱ्यांची जुनी जर्मन गाडी उभी होती. गोल पाठीची, मागे इंजिन असलेली. ते गेल्यापासून बंदच. बायको म्हणायची, "बाबांची गाडी विकायची नाही." मी म्हटलं, चालू करून देतो. चार बोल्ट काढून इंजिन जॅकवर खाली घेतलं, सुटं केलं आणि एकेक भाग वर गॅलरीत नेला. ते हवेवर थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाण्याची भानगड नाही. सिलिंडर चारही वेगवेगळे निघतात. पंधरा दिवस मी खरोखर सुखात होतो.

मग क्रँककेस, म्हणजे सिलिंडर ज्यावर बसतात ती इंजिनाची पेटी, रॉकेलने धुतली आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मागे केसासारखी रेघ दिसली. नख फिरवलं. नख अडलं. आयुष्यभर मी असेच तडे शोधून माल नापास केला होता. हा जॉब नापास होता.

मी बायकोला सांगितलं नाही. केस भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि रोज तेच पिस्टन, त्याच झडपा पुसत बसलो. ती संध्याकाळी विचारायची, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, "पिस्टनच्या रिंगा मिळत नाहीयेत." असे चार महिने गेले. शेजारी जिन्यात विचारत, "काय, इंजिनिअर साहेब, लग्नसराईपर्यंत होईल ना?" त्यांची मुलं तेव्हा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या बसने जायला लागली होती.

एकदा शाळा लवकर सुटली. ती आली तेव्हा मी पिस्टन हातात घेऊन नुसता बसलो होतो. ती दारात उभी राहिली.

"अहो, तो तडा मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या साफसफाईत केस सरकवली तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही सकाळी कशासाठी उठला असतात?"

मला रडू आलं नाही. राग आला, तोही तिच्यावरच. त्या रात्री मी जेवलो नाही. तिने ताट झाकून ठेवलं.

सकाळी मी केस रिक्षात घालून नाना पेठेतल्या एका वेल्डरकडे नेली. त्याने चष्मा वर करून पाहिलं. "साहेब, हे वेल्डिंगचं काम नाही, नवसाचं आहे. हा धातू उघडतो परत. करतो, पण नंतर माझ्या नावाने ओरडायचं नाही."

त्याने जोड भरला. मी तीन आठवड्यांत सगळं बसवलं. या वेळी खरं काम केलं. एका रविवारी इंजिन सुरू झालं. तो फटफट आवाज ऐकून बायको वरून चपला न घालता खाली आली आणि पुढच्या सीटवर बसली. आम्ही वारज्याकडे निघालो. पुलाच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. मी गाडी कडेला घेऊन मागे वाकलो, तर तेलाची धार रस्त्यावर लागली होती.

"जोड उघडला?"

"हो."

"ढकलायची का?"

"एवढ्या लांब?"

ती दगडी कठड्यावर बसली. मी टेम्पो शोधायला गेलो. परत आलो तेव्हा ती पदराने गाडीची काच पुसत होती.

भंगारवाल्याला फोन तिनेच केला. ज्या दिवशी तो येणार होता त्या दिवशी तिने रजा घेतली नाही. गाडी उचलताना मी एकटाच होतो. पुढच्या महिन्यात मी आयटीतल्या लोकांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांच्या आगारात कामाला लागलो. तिथे इंजिन उघडायचं नसतं, फक्त वहीत नोंद करायची असते. त्या चार महिन्यांबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. मी एकदा विषय काढला होता. ती म्हणाली, "भाजी निवडायची आहे," आणि आत गेली.