गांडुळासारखा

आईचं सगळं आयुष्य गिरगावात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर गेलं. आमच्याकडे मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला आली तेव्हा ती पहिल्यांदाच तळमजल्यावर राहायला लागली.

मी तिथल्याच एका क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवते. एके सकाळी तास संपता संपता आईचा फोन आला. संडासात तिला एक लांबट, फिकट किडा वळवळताना दिसला होता आणि तो आपल्याच पोटातून पडला अशी तिची खात्री झाली होती. मी किडा न बघताच सांगून टाकलं, "जंत असेल. गोळीने जातो, घाबरू नकोस."

दुपारी घरी आले तर ती जेवली नव्हती. स्वतःचं ताट-पेला वेगळा काढून ठेवला होता आणि नातीला, माझ्या मुलीला, जवळ येऊ देत नव्हती. किडा जॅमच्या रिकाम्या बाटलीत होता.

"माझ्यामुळे पोरीला काही झालं तर?" ती हळूच म्हणाली.

मी किडा पांढऱ्या बशीत घेतला आणि भिंग लावलं. जंत म्हणजे गोलकृमी. त्याचं अंग गुळगुळीत असतं, दोन्ही टोकं निमुळती. याच्या अंगावर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कड्या होत्या, आणि एका टोकाजवळ जाडसर पट्टा. हा वलयांकित प्राणी, साधं गांडूळ. मला माझीच लाज वाटली. जंताचं शास्त्रीय नाव अ‍ॅस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच गांडुळासारखा. हे मी दरवर्षी मुलांना सांगते, आणि फसले मीच.

आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "सकाळी जंत म्हणालीस, आता गांडूळ म्हणतेस. खरं काय?"

मी भिंग तिच्या हातात दिलं आणि कड्या मोजायला सांगितलं. चाळीसपर्यंत मोजून ती थांबली. मग हा आला कुठून, असं तिने विचारलं. संडासाच्या भिंतीमागे सोसायटीची बाग आहे, तिथल्या ओल्या मातीतून आला असणार, मी म्हटलं. न बघता बोलले, चुकलं माझं, हेही सांगितलं. तरी रात्री तिने स्वतःचं ताट वेगळंच ठेवलं.

तिच्या समाधानासाठी डॉक्टरांकडून तपासणीही करून घेतली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात काहीच निघालं नाही. आईने तो दोनदा वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि नातीला हाक मारली. मी पोळ्या लाटत होते. मागे आई तिला वरणभात भरवत होती, आणि एकेक घास घेताना पोरगी दोन दिवसांच्या साचलेल्या तक्रारी सांगत होती.