एकाच डोक्याचा फ्लेक्स

बारावीची परीक्षा संपली आणि मी इस्लामपुरात मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायला लागले. घरच्यांच्या लेखी मी पोलीस भरतीची तयारी करत होते, म्हणजे सकाळी उसाच्या कडेनं धावत होते. उरलेला दिवस कॉम्प्युटरवर माणसांची मुंडकी कापण्यात जायचा. वाढदिवस असो, निवड असो, पुण्यस्मरण असो, शुभेच्छुकांची रांग हवीच. कुणाचा फोटो लग्नातला, कुणाचा आधार कार्डावरचा. कानाला मोबाईल लावलेला फोटो असेल तर माणूस वजनदार समजायचा. कुणाचं डोकं कुणाच्या वर, हे ठरवायची हिंमत मामाही करायचा नाही. गिऱ्हाईकच तसा कागद लिहून आणायचं.

घरी जाताना एसटीच्या खिडकीतून आमचीच कामं दिसायची आणि त्यातलं एकही वाचता यायचं नाही. मग मला नादच लागला. मनातल्या मनात एकेक डोकं काढून टाकायचे; चारपाच गेली की वाढदिवस कुणाचा ते कळायचं. पुण्यात डिझाईनच्या कॉलेजात हेच रीतसर शिकवतात असं समजलं, तेव्हा गुपचूप प्रवेश परीक्षा दिली. पासही झाले. आता अर्जावर वडिलांची सही हवी होती. वडील फौजेत हवालदार. फोनवर म्हणाले, चित्रं काढायला कॉलेज कशाला लागतं? महिनाअखेरीला ते निवृत्त होऊन कायमचे घरी येणार होते, तेव्हा बघू म्हणाले.

आमच्याकडे फौजी निवृत्त होऊन आला की फाट्यापासून उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, हलगी वाजते, गावजेवण होतं आणि फाट्यावर स्वागताचा फ्लेक्स लागतो. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, यांनी भावकीची यादी फोटोंसकट माझ्या हवाली केली. मला वाटलं, बोलून पटवण्यापेक्षा करूनच दाखवावं. यादी ड्रॉवरमध्ये टाकली. वडिलांचा एकच फोटो घेतला, वर्दीतला, जरासं हसणारा. पांढऱ्यावर त्यांचं नाव आणि खाली एक ओळ : घरी आलात, बरं वाटलं.

वडील यायच्या दिवशी सकाळी तो लागला आणि दहाच्या आत भावकीनं जेवणावर बहिष्कार टाकला. एक चुलत चुलते तर आपला फोटो मागच्या बाजूला आहे का, तेही बघून आले म्हणे. तात्या दुकानात आले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आमी काय मेलो व्हय गं?" एवढंच म्हणाले.

दुपारपर्यंत मी दुसरा केला. वर नेते, त्यांच्याखाली सरपंच, मग तात्या, मग नात्याच्या उतरत्या क्रमानं भावकी. जावईसुद्धा घेतले, कारण त्यांना वगळून कुणाच्या पोरीला सासरी तोंड दाखवता आलं नसतं. सगळे बसल्यावर उजव्या कोपऱ्यात थोडी जागा उरली, तिथं वडिलांना घातलं. भावकीनं फ्लेक्स बारकाईनं तपासला आणि जेवायला यायचं कबूल केलं.

पाच वाजता वडील आले. गळ्यात हार घालून फ्लेक्ससमोर उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले. लोकांना वाटलं, भरून आलं. मग वाकून माझ्या कानात म्हणाले, "ह्यात मी कुठं हाय?"

मी बोटानं दाखवलं. हलगी जोरात वाजत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

जेवणं उरकल्यावर मी पहिला फ्लेक्स अंगणात अंथरला. वडिलांनी चपला काढल्या आणि कडेकडेनं त्याच्याभोवती एक फेरी मारली. खालची ओळ दोनदा वाचली.

"ह्यात तू काय केलंस?"

"काय न्हाई पप्पा. नको ते काढून टाकलं."

"आन् हे शिकवत्यात तिकडं?"

"व्हय."

त्यांनी डोळे पुसले, माझ्यादेखत. मग म्हणाले, तात्यांची माफी माग, ते हो म्हणले तर सही करतो. सीमेवर उभी हयात काढलेला हा माणूस थोरल्या भावाला विचारल्याशिवाय पेन उचलणार नव्हता. माझं चार वर्षांचं शिक्षण आता तात्यांच्या हातात होतं, आणि त्यांचाच फोटो मी गाळला होता.

दुसऱ्या दिवशी गेले तर तात्या ओसरीवर दाढी करत होते. मी पाया पडले, चुकलं म्हणाले. एका गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग गल्लीकडे.

"पुढल्या म्हयन्यात माझी साठी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "तसलाच कर. यकटाच मी."

"आन् कॉलेजचं?"

"जा की. तुला कोण न्हाई म्हणतंय?"

फ्लेक्स करून दिला आणि मी पुण्याला गेले. साठीच्या दिवशी आईचा फोन आला. भावकीतलं एकही माणूस जेवायला फिरकलं नव्हतं. तात्या आणि वडील दोघंच पंगतीला बसले आणि पोटभर जेवले.