तन्वीची डिग्री आणि माझं मशीन

मंडळाच्या पोरांनी जीव खाल्ला. "काका, स्मरणिकेसाठी किस्से लिहा." अरे, मी चौथी पास. गिरणी गेली तेव्हापासून परळला झेरॉक्सचं मशीन घेऊन बसलोय. फसलेल्या कॉप्या कशा काउंटरखाली साठत जातात, तसे हे किस्से साठलेत. कोणी मागत नाही आणि फेकवतही नाहीत. लिहितो, पण एक अट आहे. छापायचं तर शेवटपर्यंत छापा. कापाकापी केलीत तर वर्गणी मागायला येऊ नका!

*

दत्ताराम परब आणि मी गिरणीत एका खात्यात होतो, शेजारशेजारच्या मागांवर. त्याची तन्वी किरगिझस्तानात डॉक्टरकी शिकली. सहा वर्षांनी परत आली. तिकडे डॉक्टर, पण इथे नाही! इथे आधी वेगळी परीक्षा, मग कागद तपासणार, मग वर्षभर हॉस्पिटलात राबायचं आणि शेवटी नोंदणीचा नंबर. तोवर साधी गोळीसुद्धा लिहून द्यायची नाही.

चाळीतल्या शेवंताबाई पहिल्याच दिवशी गुडघा पुढे करून बसल्या. तन्वी म्हणाली, "काकू, मला अजून इथे औषध देता येत नाही."

शेवंताबाईंनी लुगडं खाली केलं. "म्हणजे गो, तू फक्त तिकडच्या गुडघ्यांची डॉक्टर?"

*

डिग्री मिळाली तेव्हा दत्ताने पेढे वाटले. इथल्या परीक्षेत पोरगी दोनदा नापास झाली, तेव्हा दोन्ही वेळा तो आठ-आठ दिवस खाली उतरला नाही. तिसऱ्यांदा पास झाली. परत पेढे!

मी म्हटलं, "दत्ता, तुझी पोरगी किती वेळा डॉक्टर होणार रे?"

"गोप्या मेल्या, पेढो खा आणि गप रव."

खाल्ला. गोड होता. पुढचं माहीत असतं तर दोन घेतले असते.

*

नोंदणीच्या ऑफिसात खिडकीवर एक साहेब होता. चिडायचा नाही, आवाज चढवायचा नाही, नुसती फाईल परत सरकवायचा. एकदा म्हणाला, "पासपोर्टच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणा. कोऱ्या पानांचीसुद्धा."

आता कोऱ्या पानाची झेरॉक्स म्हणजे कोरं पानच ना! पण काढली. तन्वी फाईल घेऊन गेली आणि दुपारी परत आली. "काका, एक कोरं पान कमी भरलं."

मी रिममधून एक कागद उपसला. "हा घे, लाव."

"नको काका. त्याच पानाची हवी."

पोरीने पासपोर्ट उघडून ते पान काचेवर ठेवलं. मी बटण दाबलं. कोरा कागद बाहेर आला. तिने तो नीट बघितला, फाईलला लावला आणि गेली. अशा पोरीला डॉक्टर करायला यांना एवढा वेळ लागतो!

*

आता लॅमिनेशनचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दत्ता डिग्री घेऊन काउंटरवर आला. "उद्या पूजेत मांडायची आहे. कुंकू सांडेल. प्लॅस्टिक मारून दे."

मी म्हटलं, "नाही मारणार. हिच्या पाठीवर वकिलातीचा शिक्का बसायचाय. प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही."

"तुला काय कळतंय? चौथी पास!"

"तू पाचवी नापास. घरी जा."

तीनदा मागितलं, तीनदा नाही म्हटलं. तो तडक लालबागला गेला आणि प्लॅस्टिक मारून आला. दसऱ्याला डिग्री पाटावर, वर झेंडूचं फूल! सगळी चाळ पाया पडून गेली.

पुढच्या आठवड्यात खिडकीवरच्या साहेबाने डिग्री उलटीसुलटी केली आणि परत सरकवली. "ओरिजिनल आणा."

"सर, हीच ओरिजिनल आहे."

"मग प्लॅस्टिक काढून आणा."

घरी येऊन दत्ताने इस्त्री फिरवली. प्लॅस्टिक निघालं आणि त्याच्याबरोबर तिकडच्या मोठ्या साहेबाची सहीपण निघाली. कागदावर सहीच्या जागी पांढरा पट्टा. नवी डिग्री तिकडून मागवायला आठ महिने गेले. तिच्याबरोबरची पोरं वॉर्डात राबत होती आणि ही घरी ईमेल पाठवत बसलेली.

एके दिवशी काउंटरसमोर उभी राहिली. "काका, बाबा म्हणाले तुम्ही केलंत लॅमिनेशन. बाबांना नाही कळत. पण तुमचा तर धंदाच हा. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

तिच्या मागे, रस्त्याच्या पलीकडे दत्ता उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. चपलेकडे बघत होता.

मी म्हटलं, "चुकलं पोरी."

त्यानंतर ती झेरॉक्सला दुसरीकडे जायला लागली.

*

गेल्या महिन्यात तिचा नंबर आला. कायमचा. आता तन्वी पक्की डॉक्टर आहे. हेच ऐकायचं होतं, म्हणून इतके दिवस तोंड शिवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं काउंटरवर आली. दोन वर्षांनी! दत्ताने पिशवीतून पुठ्ठा काढला, पुठ्ठ्यातून फाईल आणि फाईलमधून सर्टिफिकेट. दोन्ही हातांनी काचेवर ठेवलं. तन्वी बाजूलाच उभी होती.

"दोन झेरॉक्स," दत्ता म्हणाला. मग घसा खाकरला. "आणि गोप्या, ह्या वेळी प्लॅस्टिक मारू नकोस हां!"

मी दोन कॉप्या काढून दिल्या.

स्मरणिका तन्वीच्या घरीपण जाते. तेव्हा नाव पूर्ण छापा, दत्ताराम सखाराम परब.